चीक आणि वरचे दूध : नवजाताच्या पोषणाचे पहिले तीन दिवस

आईचे दूध तोंडी लागण्याआधी नवजाताला जे काही चाटवले, पाजले किंवा थेंबाथेंबाने दिले जाते, त्याला स्तनपानपूर्व आहार म्हणतात. मध, गुळाचे पाणी, साखरपाणी, गाईचे किंवा शेळीचे दूध, सहाणेवर उगाळलेली घुटी हे त्याचे जुने प्रकार. डब्यातली दुधाची पावडर हा नवा. देणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा मायेचाच असतो : बाळंतिणीला अजून दूध उतरलेले नाही, बाळ रडते आहे, त्याला उपाशी कसे ठेवायचे? पण ‘दूध उतरले नाही’ हे जे म्हटले जाते, तेच मुळात अपुऱ्या माहितीवर उभे आहे. प्रसूतीच्या क्षणी आईच्या स्तनात चीक तयार असतो. गरोदरपणाच्या मध्यापासूनच तो साठू लागलेला असतो.

चिकाचे मोल मराठी घराला नव्याने सांगावे लागू नये. गाय किंवा म्हैस व्याली की चिकाचा खरवस शेजारीपाजारी वाटला जातो, आणि आधी वासराला पोटभर चीक मिळाला की नाही हे प्रत्येक गोपालक पाहतो. गाईच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये वासराकडे जात नाहीत. ती त्याला चिकातूनच मिळतात आणि पहिल्या काही तासांतच आतड्यातून रक्तात शिरू शकतात. माणसाच्या बाळाला काही प्रतिकारशक्ती वारेतून मिळालेली असते, म्हणून चिकाविना ते लगेच दगावत नाही. पण त्याच्या आतड्याच्या आतल्या पृष्ठभागाला जंतूंपासून जपणारी ‘इम्युनोग्लोब्युलिन ए’ ही प्रथिने, लॅक्टोफेरिन, पांढऱ्या पेशी आणि अ जीवनसत्त्व चिकात दाटलेले असते. गोठ्यात जपला जाणारा हाच चीक माजघरात मात्र ‘जड’, ‘पिवळा’, ‘साठलेला’ म्हणून पिळून टाकण्याची रीत अनेक भागांत होती, आणि काही घरांत ती अजून आहे.

या रिवाजाची मुळे जुन्या ग्रंथांपर्यंत जातात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात स्त्रियांचे दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाहू लागते असे म्हटले आहे आणि तोवर बाळाला मध-तूप देण्याचा क्रम सांगितला आहे. चरकसंहितेतही जातकर्माच्या वेळी मध-तुपाचे प्राशन आहे, पण त्यानंतर लगेच बाळाला स्तनाला लावावे असा निर्देश आहे. हा फरक फार मोलाचा आहे. सुश्रुताचे निरीक्षण चुकीचे नव्हते, कारण भरपूर पातळ दूध खरोखरच दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येते. त्याआधी जे थोडेसे घट्ट स्रवते ते दूध नव्हेच, असे मानणे ही चूक. लोकव्यवहारात चरकाचा ‘त्यानंतर लगेच’ हा भाग मागे पडला आणि मधाचे बोट तेवढे उरले.

वरच्या आहाराने दूध नेमके कसे कमी होते? वार बाहेर पडली की आईच्या रक्तातील प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते आणि प्रोलॅक्टिनला दूधनिर्मितीची मोकळीक मिळते. हा पहिला टप्पा संप्रेरकांच्या जोरावर होतो, बाळ प्याले नाही तरी होतो. पुढचा टप्पा मात्र पूर्णपणे मागणीवर चालतो. स्तन जितका रिकामा होतो तितके दूध नव्याने बनते. तो भरून राहिला की दुधातीलच घटक आणि आतला दाब निर्मितीला आवर घालतात. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी मिळणारा चीक साधारण चहाच्या चमच्याभर असतो. निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला तेवढा पुरतो, म्हणून ते वारंवार मागते, दिवसाकाठी आठ ते बारा वेळा. अशा बाळाला बाटलीने पन्नास-साठ मिलिलिटर दूध पाजले की ते तीन-चार तास गाढ झोपते. घरचे म्हणतात, बघा, भुकेलेच होते. त्या तीन-चार तासांत स्तनाला कोणी मागणी केलेली नसते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दूध येते तेव्हा छाती दगडासारखी घट्ट होते, स्तनाग्राभोवतीचा काळा भाग ताणला जातो, बाळाला तो तोंडात धरता येत नाही. ते नुसते स्तनाग्र ओढते, त्याला चिरा पडतात, आई कळवळते आणि पुढची बाटली मागवली जाते. आठवड्याभरात ‘हिला दूधच कमी’ असा शिक्का बसतो. बाळंतीणही तो खरा मानते, आणि तिचा आत्मविश्वास खचणे ही या साऱ्यातली सर्वांत न दिसणारी हानी आहे. ताण आणि वेदना यांनी दूध वाहते करणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाला अडथळा येतो, मग असलेले दूधही वाहत नाही. आजीबाईंचा ‘पान्हा चोरला’ हा शब्दप्रयोग इथे शरीरशास्त्राच्या अगदी जवळ जातो.

बाळाच्या बाजूनेही पहिला तास वेगळाच असतो. जन्मानंतर त्याला पुसून आईच्या उघड्या पोटावर ठेवले, तर ते हळूहळू पुढे सरकते आणि बहुधा तासाभरात स्वतःच स्तन शोधून तोंडात धरते. स्वीडनमधील संशोधकांनी 1980 च्या दशकात याची पद्धतशीर नोंद केली. महाराष्ट्रात डॉ. प्रशांत गांगल आणि सहकाऱ्यांनी युनिसेफच्या साहाय्याने 2007 मध्ये या पद्धतीचा प्रचार हाती घेतला. हा जागेपणाचा काळ सरला की बाळ दीर्घ झोपेत जाते. वजन, आंघोळ, फोटो आणि नातेवाइकांचे हात यांत तो तास गेला, तर पहिले पाजणे कित्येक तास लांबते.

उशिराची किंमत घानाच्या ग्रामीण भागात मोजली गेली. 10,947 नवजातांच्या अभ्यासात, 2006 मध्ये, असे दिसले की सर्व बाळांना पहिल्या दिवशीच अंगावर घेतले तर नवजात मृत्यूंपैकी 16 टक्के टळू शकतील, आणि पहिल्या तासात घेतले तर 22 टक्के. श्रीमंत देशांत धोका मृत्यूचा नसून दूध सुटण्याचा आहे. कॅलिफोर्नियात पहिलटकरणींचा एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या सगळ्यांनी केवळ स्तनपानच करायचे ठरवले होते. रुग्णालयात ज्यांच्या बाळांना पावडरीचे दूध दिले गेले, त्यांतील सुमारे एक तृतीयांश स्त्रियांचे स्तनपान दोन महिन्यांत थांबले होते. ज्यांच्या बाळांना दिले गेले नाही, त्यांत हे प्रमाण साधारण दहांत एक होते. अडचणीत असलेल्या बाळांनाच वरचे दूध दिले गेले असेल, अशी शंका इथे घेता येते. म्हणून बेलारूसमधील प्रयोग अधिक वजनदार ठरतो. तिथे 1996-97 मध्ये रुग्णालयांचीच चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली, एका गटातील कर्मचाऱ्यांना स्तनपानाच्या मदतीचे प्रशिक्षण दिले आणि 17,000 हून अधिक बाळांचा माग ठेवला. तीन महिन्यांच्या वयाला केवळ आईच्या दुधावर असलेली बाळे त्या गटात 43.3 टक्के होती, दुसऱ्या गटात 6.4 टक्के. आया तशाच होत्या, बदलली होती ती प्रसूतिकक्षाची सवय.

ती सवय बदलता येते, हे फिलिपीन्समधील बागियो शहरात त्याआधीच दिसले होते. तिथल्या सरकारी रुग्णालयात डॉ. नातिविदाद क्लावानो यांनी 1970 च्या दशकात पावडरीच्या कंपन्यांच्या भेटी आणि भिंतीवरची चित्रे बंद केली, बाळांची वेगळी खोली मोडली आणि मुले आयांजवळ दिली. नवजातांचे आजार आणि मृत्यू झपाट्याने घटले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 1989 मध्ये यशस्वी स्तनपानाच्या दहा पायऱ्या जाहीर केल्या आणि 1991 पासून बालस्नेही रुग्णालयांची चळवळ सुरू झाली. त्याच वर्षी स्तनपानाच्या प्रसारासाठी देशव्यापी काम करणारी ‘बीपीएनआय’ ही संस्था वर्ध्यात स्थापन झाली. पाठोपाठ भारतात बाळांच्या पावडरीच्या दुधाबाबतचा 1992 चा कायदा आला. मोफत नमुने, जाहिराती आणि डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र या गोष्टींना त्याने मनाई केली, आणि 2003 च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला.

तरीही आकडे अस्वस्थ करणारे आहेत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात 88.6 टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्या, पण जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली मुले 41.8 टक्केच होती. चार वर्षांपूर्वीच्या पाहणीत हा आकडा 41.6 होता. दवाखाना गाठला म्हणून पहिला घोट आईचा मिळाला, असे होत नाही. सिझेरियनचे वाढते प्रमाण हे त्याचे एक कारण. कंबरेखाली भूल दिलेली आई पूर्ण जागी असते, बाळ तिच्या छातीशी देता येते, पण अनेक ठिकाणी ते बाहेर नातेवाइकांकडे जाते आणि तिथून औषधाच्या दुकानात चिठ्ठी जाते. जुन्या घरात मधाची वाटी सासूच्या हाती असे. आज डब्याची चिठ्ठी पांढऱ्या कोटातून येते, आणि तिच्याशी वाद घालणे बाळंतिणीला अधिकच अवघड जाते.

वरच्या दुधाची खरी गरज असणारी बाळे असतात, आणि ती नाकारणे क्रूरपणाचे ठरेल. अपुऱ्या दिवसांचे बाळ, रक्तातील साखर उतरलेले बाळ, ज्याचे वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले आहे असे बाळ, किंवा ज्याची आई अतिदक्षता विभागात आहे असे बाळ थांबू शकत नाही. अशा वेळी पहिली निवड आईचेच पिळून काढलेले दूध, वाटी-चमच्याने. ते नसेल तर दुसऱ्या आईचे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी याच कामासाठी उभारली. त्यानंतर पावडर, तीही मोजून, आणि स्तनाला लावणे चालू ठेवून. मध मात्र कोणत्याही यादीत बसत नाही. त्यात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, म्हणून वर्षाखालील बाळाला तो चाटवूही नये.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच स्त्रियांना नवजात काळजीचे शिक्षण दिले. लवकर अंगावर पाजणे, ऊब आणि जंतुसंसर्गावर वेळीच उपचार ही त्यातली मुख्य सूत्रे होती. तिथला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी झाल्याचे 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. बाळंतिणीजवळ बसून, बाळाची मान आणि तोंड कसे धरायचे हे हाताने दाखवणारी शेजारची बाई पुष्कळ काही करू शकते. तीच जागा घरात आजी किंवा सासू घेऊ शकते.

दूध पुरते आहे की नाही हे रडण्यावरून ओळखता येत नाही, ते लंगोटावरून ओळखावे. पाचव्या दिवसापासून दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा फिकट लघवी, काळी शी जाऊन पिवळी होणे आणि दोन आठवड्यांत जन्मवजन भरून येणे, एवढे दिसले तर बाळाला पुरेसे मिळते आहे. लघवी कमी होत असेल, बाळ मलूल पडत असेल किंवा पाजायला उठत नसेल, तर डबा आणण्याआधी डॉक्टरांकडे न्यावे.