संकल्प, यादी आणि अद्भुत

दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सोळा ते बावीस या वयातील कितीतरी वाचक एक संकल्प सोडतात : यंदा अमुक इतकी पुस्तके वाचायची. संकल्पाखाली बहुधा एक यादी असते. अर्धवट राहिलेली एखादी मालिका पुरी करायची असते, एखादा जुना ग्रंथ 'कधीतरी वाचायलाच हवा' म्हणून घातलेला असतो. नुकत्याच वाचून झालेल्या चार-पाच पुस्तकांवर दोन-दोन ओळी लिहिलेल्या असतात, त्यांना तारे दिलेले असतात. यादीतील बहुसंख्य पुस्तके 'यंग अडल्ट फँटसी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्गातली असतात. वाङ्मयाच्या अभ्यासकांपैकी काहींना अशी यादी म्हणजे बाजाराने घडवलेल्या अभिरुचीचा पुरावा वाटते, तर काहींना 'निदान वाचतात तरी' या समाधानाचे निमित्त. आमच्या मते ही दोन्ही मते यादी न वाचताच बनलेली आहेत. यादीकडे एक ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून पाहिले, तर तिच्यात तीन स्वतंत्र इतिहास एकमेकांत गुंतलेले दिसतात : वयाच्या पाटीचा, अद्भुताच्या वनवासाचा आणि पुस्तके मोजण्याच्या सवयीचा. हे तिन्ही प्रामुख्याने इंग्लंड आणि अमेरिकेत घडले.

प्रथम वयाची पाटी. बालक आणि प्रौढ यांच्या मधल्या वाचकाला वेगळे काढण्याचा एक ठळक प्रयत्न सापडतो तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. सारा ट्रिमर या इंग्रज लेखिकेने १८०२ ते १८०६ या काळात 'द गार्डियन ऑफ एज्युकेशन' हे नियतकालिक चालवले. मुलांच्या पुस्तकांची नियमित आणि गांभीर्याने परीक्षणे करणारे ते पहिले महत्त्वाचे नियतकालिक मानले जाते. त्यात त्यांनी पुस्तकांचे दोन वर्ग पाडले. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची पुस्तके एकीकडे, आणि चौदा ते एकवीस या वयाच्या 'तरुण व्यक्तीं'साठीची दुसरीकडे. आजच्या 'यंग अडल्ट' या वर्गाचे मूळ शोधताना अभ्यासक येथवर येतात ते याच कारणाने. परंतु याच ट्रिमरबाईंना परीकथांचा मनस्वी संशय होता. कोवळ्या मनावर खोट्या कल्पनांचे संस्कार होतात, सिंड्रेलासारख्या कथेतून मत्सर आणि हेवा शिकवला जातो, अशी त्यांची तक्रार होती. ज्या हाताने तरुण वाचकासाठी वेगळे दालन उघडले, त्याच हाताने त्या दालनाच्या दारावर अद्भुताला मज्जाव केला. पाटी लावली ती वाचकाने नव्हे, पहारेकऱ्याने. नियतकालिकाच्या नावातला 'गार्डियन' हा शब्द येथे पुरेसा बोलका आहे.

मराठी वाचकाला ही भूमिका परकी वाटू नये. आपल्याकडे 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' (१८६८) अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा बहर सुरू असतानाच काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' १८७२ साली प्रसिद्ध झाला आणि असंभाव्य गोष्टींनी भरलेल्या कथनाची त्यात झडती घेतली गेली. पुढे वास्तववाद हीच प्रौढतेची खूण ठरली. अद्भुताला बालवाङ्मयाच्या कोपऱ्यात पाठवण्याची ही प्रक्रिया भाषेभाषेत थोड्याफार फरकाने घडलेली आहे.

या वनवासाचे सर्वांत नेमके विश्लेषण जे. आर. आर. टोल्कीन यांनी केले. १९३९ साली सेंट अँड्रूज विद्यापीठात त्यांनी परीकथांवर व्याख्यान दिले, ते विस्तारित रूपात १९४७ मध्ये छापले गेले. त्यांचा मुद्दा असा की परीकथा आणि बालके यांचे नाते स्वाभाविक नसून घरगुती इतिहासातील एक अपघात आहे. दिवाणखान्यातील जुने फर्निचर फॅशन बदलल्यावर मुलांच्या खोलीत जाऊन पडते. मोठ्यांना ते नकोसे झालेले असते आणि मोडले तरी कोणाला पर्वा नसते. अद्भुतकथेचेही तसेच झाले. टोल्कीन यांची 'द हॉबिट' (१९३७) मुलांसाठी म्हणून आली होती. १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आलेली 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मात्र कोणाची, हे ठरवणे अवघड होते. १९६५ साली अमेरिकेत एस या प्रकाशनाने तिची लेखकाच्या परवानगीविना स्वस्त आवृत्ती काढली. त्यावर वाद झाला आणि त्याच वर्षी बॅलन्टाइनची अधिकृत कागदी बांधणीची आवृत्ती बाजारात आली. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी ती डोक्यावर घेतली. समीक्षकांनी न लावलेला निकाल एका पिढीने खिशातले पैसे मोजून लावला. पुढे बॅलन्टाइनने १९६९ पासून अद्भुतकथांची एक खास माला काढली, तेव्हा तिच्या नावातच 'अडल्ट' हा शब्द घातला. प्रौढाने हे पुस्तक हाती धरण्यास लाजू नये, एवढ्यासाठी पाटी बदलावी लागली!

दरम्यान वयाच्या पाटीचा ताबा ग्रंथपालांकडे गेला होता. बॉल्टिमोरच्या इनॉक प्रॅट ग्रंथालयात मार्गारेट एडवर्ड्स यांनी १९३२ पासून तीन दशके पौगंडावस्थेतील वाचकांसाठी काम केले. चाळीसच्या दशकात त्या घोड्याच्या गाडीत पुस्तके भरून गरीब वस्त्यांत फिरत. मुलामुलींनी काय वाचावे याचा आदेश देण्यापेक्षा त्यांना काय हवे ते आधी ऐकावे, आणि तेथून पुढच्या पुस्तकाकडे न्यावे, ही त्यांची रीत होती. १९५७ साली अमेरिकन ग्रंथालय संघटनेत तरुण वाचकांच्या सेवेसाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला. 'यंग अडल्ट' हा शब्दप्रयोग रुळला तो ग्रंथपालांच्या या वर्तुळातून. प्रकाशकांनी तो नंतर उचलला. ट्रिमरबाईंच्या पहारेकऱ्याच्या जागी आता वाटाड्या आला होता, हा बदल लहान नव्हे.

लेखनात हा बदल उमटण्याची वर्षे म्हणून १९६७ आणि १९६८ सांगता येतील. १९६७ मध्ये एस. ई. हिंटन यांची 'द आउटसायडर्स' आली. ओक्लाहोमातील टल्सा येथील या लेखिकेने ती पंधराव्या वर्षी लिहावयास घेतली होती आणि प्रकाशनाच्या वेळी त्या अठरा वर्षांच्या होत्या. ती कादंबरी वास्तववादी होती. अद्भुताच्या बाजूने तसेच पाऊल उर्सुला के. ले ग्विन यांनी टाकले. बर्कलीच्या पार्नासस प्रेसचे प्रकाशक हर्मन शाइन यांनी त्यांच्याकडे थोड्या मोठ्या मुलांसाठी एक पुस्तक मागितले. ले ग्विन यांना प्रश्न पडला : कथांतले सगळे जादूगार पांढऱ्या दाढीचेच का असतात? म्हातारे होण्याआधी ते काय करीत होते? त्यांना विद्या कोठे मिळाली? या प्रश्नातून १९६८ साली 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' जन्मास आली. तिचा नायक गेड हा तांबूस-सावळ्या वर्णाचा, मेंढ्या-बकऱ्यांमागे वाढलेला पोर. रोक बेटावरील विद्यालयात सहाध्यायाशी स्पर्धा करताना अहंकारापोटी तो एक काळी छाया जगात सोडतो आणि पुढे तिच्यापासून पळत राहतो. या जगात सामर्थ्य असते ते वस्तूचे खरे नाव जाणण्यात. शेवटी गेड त्या छायेला हाक मारतो ती स्वतःच्याच नावाने. पौगंडावस्थेचे याहून सखोल रूपक त्या काळच्या वास्तववादी कादंबरीतही सहजी सापडणार नाही. 'निदान वाचतात तरी' असे म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक पाहावे, एवढेच आम्ही सुचवू.

यानंतरची वाट सलग दिसते. टॅमोरा पियर्स यांची 'अलाना' मालिका १९८३ पासून आली. मुलाच्या वेषात शूरवीराचे शिक्षण घेणाऱ्या मुलीची ही कथा आधी प्रौढांसाठीची एकच मोठी कादंबरी होती. कुमारवयीनांसाठी ती चार पुस्तकांत नव्याने बांधली गेली. १९९७ मध्ये लंडनच्या ब्लूम्सबरीने जे. के. रोलिंग यांचे पहिले पुस्तक काढले तेव्हा पुठ्ठाबांधणीच्या अवघ्या ५०० प्रती छापल्या होत्या. तीन वर्षांत परिस्थिती अशी पालटली की 'न्यूयॉर्क टाइम्स'ला जुलै २००० मध्ये मुलांच्या पुस्तकांची खपाची यादी वेगळी करावी लागली, कारण मूळ यादीतील प्रौढांच्या जागा पॉटरमालिकेने अडवल्या होत्या. टोल्कीनच्या रूपकात सांगायचे तर मुलांच्या खोलीतले फर्निचर दिवाणखान्यात परत आले आणि घरमालकांनी घाईघाईने मध्ये भिंत बांधली. फिलिप पुलमन यांच्या 'द अंबर स्पायग्लास'ने २००१ चा व्हिटब्रेड वार्षिक ग्रंथपुरस्कार मिळवला. मुलांच्या पुस्तकाला हा मान प्रथमच मिळत होता. भिंतीला तडा गेला तो असा.

आता तिसरा इतिहास : मोजणीचा. पुस्तके मोजण्याची प्रेरणा तरुण वाचकाच्या मनात आपोआप उगवलेली नाही. शाळा आणि ग्रंथालये यांनी ती लावली. अमेरिकेत १९८४ मध्ये 'पिझ्झा हट'ने शाळकरी मुलांसाठी 'बुक इट' ही योजना काढली. ठरलेले वाचन पुरे केले की पिझ्झा मिळे. ब्रिटनमध्ये १९९९ पासून सुट्टीतील वाचनाचे आव्हान सुरू झाले, त्यात ग्रंथालयातून सहा पुस्तके वाचायची असत. २००७ साली सुरू झालेल्या 'गुडरीड्स'ने २०११ पासून वार्षिक वाचनाचे आव्हान ठेवले. फरक एवढाच की आता बक्षीस देणारे कोणी नव्हते. लक्ष्य स्वतःच ठरवायचे, हिशेब चारचौघांत मांडायचा आणि मागे पडल्याची जाणीवही स्वतःच बाळगायची. बाहेरचा पहारेकरी आत येऊन बसला, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये.

या मोजणीचे काही लाभ निश्चित आहेत. घरी-दारी पुस्तकांविषयी बोलायला कोणी नसलेल्या मुलाला यादीमुळे सोबती मिळतात. यादी हे धाडसही असू शकते. २०१४ मध्ये अमेरिकेत 'वी नीड डायव्हर्स बुक्स' ही चळवळ उभी राहिल्यावर अनेक तरुण वाचकांनी आपल्या संकल्पात संख्येबरोबर 'कोणाची पुस्तके' हा प्रश्नही घातला. सबा ताहिर (२०१५), रोशनी चोक्शी (२०१६), टोमी अडेयेमी (२०१८) यांच्या पहिल्या कादंबऱ्यांना मिळालेला प्रतिसाद या वातावरणात पाहावा लागतो. गेडच्या वर्णाकडे अनेक मुखपृष्ठकारांनी दशकानुदशके डोळेझाक केली होती. त्या पार्श्वभूमीवर हा बदल वाचकांच्या यादीने रेटलेला आहे.

पण मोजणीला जे दिसत नाही तेही सांगितले पाहिजे. दीडशे पानांचे पुस्तक आणि आठशे पानांचे पुस्तक यांना ती सारखेच गुण देते. मंदगती वाचनाला ती शिक्षा करते. आणि अद्भुतकथेचा खरा वाचक ओळखला जातो तो पुनर्वाचनाने. तेच पुस्तक बाराव्या, सोळाव्या आणि विसाव्या वर्षी वाचून दर वेळी वेगळे सापडणे हा या प्रकाराचा मोठा आनंद आहे. संख्येच्या दबावाखाली पहिला बळी जातो तो याच आनंदाचा.

दुसरा बळी अधिक चिंताजनक आहे. २०१२ मध्ये बोकर या संस्थेच्या पाहणीत असे आढळले की 'यंग अडल्ट' पुस्तके विकत घेणाऱ्यांत अठरा वा अधिक वयाचे लोक ५५ टक्के होते. बाजार त्या दिशेने वळला. सारा जे. मास यांची २०१५ मध्ये तरुणांच्या दालनात आलेली मालिका २०२० मध्ये नव्या मुखपृष्ठांसह प्रौढांच्या दालनात गेली, ही या ओढाताणीची एक खूण. नायक-नायिकांची वये वाढली, प्रेमसंबंधांचे चित्रण प्रौढ झाले, आणि ज्या चौदा वर्षांच्या वाचकासाठी ट्रिमरबाईंपासून एडवर्ड्सबाईंपर्यंत सर्वांनी आपापल्या परीने जागा आखली होती, त्याची फळी पुन्हा अरुंद होत चालली. दोनशे वर्षे प्रौढ या दालनाला नाके मुरडत होते. आता त्यांना ते इतके आवडले आहे की मूळ रहिवाशालाच जागा पुरेनाशी झाली आहे.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत मराठी शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना हा इतिहास दूरचा वाटण्याचे कारण नाही. आमच्या वर्गांत बसणाऱ्यांपैकी अनेकांचे अद्भुत इंग्रजीतून येते आणि अभ्यासक्रमातील मराठी त्यांना केवळ वास्तवाची, कर्तव्याची भाषा वाटते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी कथांचा सुरस आणि चमत्कारिक खजिना मराठीत आणण्याचे काम हाती घेतले होते, हे त्यांना आम्हीच सांगितले नाही तर कोण सांगणार? परंतु ते सांगण्याआधी त्यांची यादी आदराने वाचावी लागेल. एडवर्ड्सबाईंची रीत हीच होती.

तेव्हा एखाद्या विद्यार्थिनीने यंदा पन्नास पुस्तकांचा संकल्प केला असेल, तर 'कितवे चालू आहे' असे विचारण्यात फारसा अर्थ नाही. त्यांतले कोणते पुस्तक पुन्हा वाचावेसे वाटले, आणि का, हे विचारावे. अर्थसीच्या जगात आकड्यांनी काहीच वश होत नाही. तेथे नाव कळावे लागते. संकल्प पुरा झाला की नाही हे डिसेंबरात कळेल. वाचन झाले की नाही याची कसोटी मात्र त्या एका पुस्तकाच्या नावाशी आहे, आणि ते नाव ऐकून घेणारा कोणी वर्गात आहे की नाही, याच्याशी.