शेजारच्या तारेचा बोल

वालूर हें परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यांतील गांव. तेथील माणसास रेल्वेनें कोठें जावयाचें म्हणजे सेलूचें स्टेशन गांठावें लागतें. मनमाड व सिकंदराबाद यांस जोडणारा, निजामाच्या राज्यांत 1900 सालाच्या आसपास पुरा झालेला लोहमार्ग तो हाच. अशा लोहमार्गांच्या कडेनें पूर्वीं तारायंत्राचे व टेलिफोनचे खांब कोसन्‌कोस उभे असत. खिडकीशीं बसून ते मोजण्यांत ज्यांचें बालपण गेलें, त्यांपैकीं कांहींनीं एक गोष्ट पाहिली असेल. मधूनच एखाद्या खांबावर जोडीच्या दोन तारा आपल्या जागा बदलीत. डावीकडची उजवीकडे जाई, उजवीकडची डावीकडे. हा कारागिराचा प्रमाद नव्हे. उलट आजच्या संगणकाच्या बोटभर चिपेंतही जी युक्ति योजावी लागते, तिचा उगम या खांबांवर आहे. आणि चिपेचा इतिहास लिहिणारे ट्रान्झिस्टरांची संख्या मोजण्यांत इतके गुंग असतात कीं, या तारांची आठवण त्यांस सहसा होत नाहीं.

तारेंतून वाहणारी वीज तारेच्या आंतच राहते, अशी आपली समजूत असते. ती खरी नाहीं. तारेभोंवतीं विजेचें व चुंबकत्वाचें क्षेत्र पसरलेलें असतें, आणि पहिल्या तारेंतील प्रवाह बदलला कीं शेजारच्या तारेंत त्याचा पडसाद उठतो. चुंबकाच्या बाबतींतील हें प्रवर्तन फॅरेडेनें 1831 सालीं दाखवून दिलें होतें. मुंबई व ठाणें यांच्या दरम्यान 1854 सालीं तारायंत्र सुरू झालें, तेव्हां या पडसादानें विशेष अडले नाहीं. संथ कडकट्टास थोडी कुजबूज सोसते. परंतु 28 जानेवारी 1882 रोजीं मुंबईस टेलिफोनचें केंद्र उघडलें. टेलिफोनचा कान फार हळवा. त्या काळच्या प्रघाताप्रमाणें एकच तार घालीत व परतीची वाट जमिनींतून काढीत. सगळ्यांची परतीची वाट एक, आणि तारा शेजारी शेजारी. मग एकाचें बोलणें दुसऱ्याच्या कानीं पडलें तर नवल काय! अभियंते यास क्रॉसटॉक म्हणतात.

यावरील उपाय ग्रॅहॅम बेलनें 1881 च्या आपल्या पेटंटांत सांगितला होता: परतीसाठीं दुसरी तार द्यावी, व दोन्ही तारांस पीळ घालावा. पिळानें काय साधतें हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं वालूरची चक्राकार बारव आठवावी. तिच्या वळत्या पायऱ्यांवरून उतरणाऱ्याचें तोंड क्रमानें सर्व दिशांस होतें. त्याचप्रमाणें पीळ घातलेल्या जोडींतील प्रत्येक तार कधीं शेजाऱ्याच्या जवळ, कधीं दूर अशी येते. दोघींवर त्रास सारखाच पडतो. आणि ऐकणारें यंत्र दोघींतील फरक तेवढा ऐकत असल्यामुळें सारखा त्रास त्यास ऐकूंच येत नाहीं. उघड्या तारांस पीळ घालणें सोयीचें नसतें, म्हणून खांबांवर जागांची अदलाबदल करीत. मला ही युक्ति विलक्षण आवडते. तिनें शेजाऱ्यास गप्प बसविलें नाहीं कीं दूर हांकललें नाहीं.

किल्बीनें 1958 सालीं पहिली चिप चालवून दाखविली. पुढच्याच वर्षीं नॉइसनें तिच्यावर धातूच्या तारा छापण्याची रीत शोधिली. 1971 च्या इंटेल 4004 मध्यें 2300 ट्रान्झिस्टर होते, आणि तिची बारीकांत बारीक रेघ 10 मायक्रॉनांची होती. रेघा रुंद, बसक्या, आणि एकमेकींपासून दूर. शेजारणीपेक्षां खालच्या पायाशींच त्यांचा संबंध अधिक. पुढें सर्व आंखडत गेलें. तार अरुंद केली कीं तिचा रोध वाढतो. तो फार वाढूं नये म्हणून तिची उंची त्या मानानें कमी केली नाहीं. परिणामीं तारा जुन्या वाड्यांच्या भिंतींसारख्या उंच आणि मधला बोळ अरुंद, अशी स्थिति झाली. इंटेलच्या 2014 च्या चिपांत अगदीं दाट थरांतील एका तारेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचें अंतर 52 नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा सुमारें हजारावा हिस्सा होतें.

टेलिफोनवर परका आवाज आला तर माणूस निदान तक्रार करतो. चिपेंत तक्रार करणारा कोणी नाहीं. स्वस्थ असलेल्या तारेंत शेजारणीमुळें उसळी आली कीं शून्याचा एक होऊं शकतो, आणि बेरीज निमूटपणें चुकते. दुसरा घात अधिक चोरटा. दोन शेजारी तारा एकाच वेळीं विरुद्ध दिशांनीं बदलूं लागल्या, तर त्यांच्यामधील विद्युद्भार दुप्पट हलवावा लागतो. त्याच दिशेनें बदलल्या तर मुळींच नाहीं. म्हणजे तीच तार आज लवकर पोंचते, उद्यां उशिरां, आणि दोष तिच्याकडे कांहींच नसतो!

उपायांपैकीं अंतर वाढविणें हा सर्वांत सोपा व सर्वांत महाग; जागा वाचविण्यासाठींच तर हा सारा खटाटोप. म्हणून महत्त्वाच्या दोन तारांमध्यें, दोन शेतांमधल्या बांधाप्रमाणें, जमिनीस जोडलेली एक मुकी तार घालतात. एका थरांतील तारा उभ्या, तर त्याच्या वरच्या थरांतील आडव्या ठेवितात, ताण्याबाण्यासारख्या. आणि 1980 नंतरच्या दशकांत, स्मृतींच्या चिपा दहा लाख व त्याहून अधिक अंक सांठवूं लागल्या, तेव्हां त्यांतील जोडतारांच्या जागा मधूनमधून बदलण्याची रीत अभियंत्यांनीं योजिली. खांबावरची अदलाबदल ती हीच, फरक मापाचा.

शेवटीं तारांमधील द्रव्याकडेही लक्ष गेलें. जुनी कांच विजेचा संबंध निर्वातापेक्षां सुमारें चौपट जोडते. तींत कार्बन मिसळून हा आंकडा तिनाच्या खालीं आणला. आयबीएमनें 1997 मध्यें ॲल्युमिनियमऐवजीं तांबें आणण्याचें जाहीर केलें, त्यानें रोध घटला आणि तारेची उंची थोडी कमी करण्यास वाव मिळाला. हवेचा आंकडा जवळजवळ एक. 2014 च्या त्याच चिपांत कांहीं तारांच्या मध्यें कांच न भरतां हवेची पोकळीच ठेविली होती. परंतु पोकळी वरचा भार पेलीत नाहीं, म्हणून ती निवडक थरांतच ठेवावी लागली.