जवारी आणि डायोड

इलेक्ट्रिक गिटारचा खरखरीत, फाटल्यासारखा स्वर कानी पडला की आपल्याकडील शास्त्रीय संगीताचा श्रोता बहुधा नाक मुरडतो. त्या स्वराचे 'डिस्टॉर्शन' हे नावच मुळी दोषदर्शक आहे. मराठीत त्याला विरूपण म्हणावे लागेल. म्हणजे मूळ रूप शुद्ध आणि त्यात पडलेला फरक हा बिघाड, हे त्यात गृहीतच धरलेले. हे गृहीतक तपासू लागलो, तेव्हा आमचा प्रवास अमेरिकेतील ध्वनिमुद्रणगृहापासून मिरजेच्या सतारमेकर गल्लीपर्यंत झाला. त्या वाटेवर आमचे नाशिकही लागले.

आरंभी हा खरोखरच बिघाड होता. नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स या गायकाच्या एका गीताचे ध्वनिमुद्रण चालू असताना मिश्रणयंत्रातील एक भाग नादुरुस्त झाला आणि ग्रेडी मार्टिन या वादकाच्या बास गिटारचा स्वर चिरका, भरड उमटला. तो तसाच ठेवला गेला. पुढे ग्लेन स्नॉडी या ध्वनितंत्रज्ञाने तोच बिघाड ट्रान्झिस्टरांच्या साहाय्याने हेतुपुरस्सर घडवून आणला, आणि १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने 'माएस्ट्रो फझ-टोन' ही पायाने दाबून चालू-बंद करण्याची पेटी बाजारात आणली. गिटारमधून तुतारीसारख्या सुषिर वाद्यांचा आभास होईल, अशी तिची जाहिरात होती. प्रारंभी तिला फारसे गिऱ्हाईक नव्हते. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ती वाजली आणि चित्र पालटले. त्याआधी १९६४ मध्ये इंग्लंडमधील डेव्ह डेव्हिस या तरुण वादकाने तर आपल्या स्पीकरचा पडदाच पात्याने चिरला होता. दोष हवाहवासा वाटू लागला होता.

हा दोष आता किटच्या रूपाने घरपोच मिळतो. आमच्या महाविद्यालयातील दोन विद्यार्थ्यांनी असे एक किट मागवून नाशकातच पेडल जोडले, तेव्हा त्यातील रचना आम्ही प्रथम जवळून पाहिली. एक छापील सर्किट बोर्ड, मूठभर रेझिस्टर आणि कपॅसिटर, एक आयसी, दोन डायोड, दोन फिरत्या कळा, पायाचा स्विच आणि नऊ व्होल्टची बॅटरी, एवढाच संसार. आयसी गिटारचा क्षीण विद्युत्‌संदेश कित्येक पटींनी वाढवते. पुढे एकमेकांच्या उलट दिशेने बसवलेले दोन डायोड वाट अडवून असतात. सिलिकॉनचा डायोड सुमारे ०.६ व्होल्टला वाहू लागतो, जर्मेनियमचा सुमारे ०.३ व्होल्टला. त्यामुळे त्याहून उंच गेलेली लाट माथ्यावर छाटली जाते. टेकडीचे पठार व्हावे, तशी.

लाट दोन्ही बाजूंनी सारखी छाटली गेली की मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनसंख्येचे उपस्वर बळावतात. षड्जाची तिप्पट म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम; पाचपट म्हणजे त्याही वरचा गंधार. तंबोऱ्याच्या खर्जात ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणून गौरवतो, तोच हा. आणखी एक साम्य आहे. या पेडलमधून कोणतेही दोन स्वर एकत्र वाजवले तर गोंगाट होतो, कारण त्यांच्या मिश्रणातून भलतेच स्वर जन्मतात. षड्ज आणि पंचम मात्र सुखाने नांदतात, कारण त्यांच्या मिश्रणातून खालचा षड्जच उमटतो. म्हणूनच रॉक संगीताची बरीचशी इमारत षड्ज-पंचमाच्या जोडीवर उभी आहे. तंबोराही याच जोडीवर मिळवला जातो.

तंबोऱ्याचा स्वर तरी कुठे 'शुद्ध' असतो? सपाट, धारदार घोडीवर ताणलेली तार टणटण वाजून विझते. मिरजेचा कारागीर घोडीच्या माथ्याला कानशीने अतिशय हलका उतार देतो. कंप पावणारी तार त्या उतारावर पुनःपुन्हा टेकते आणि सुटते. मग तारेखाली सुती दोरा, म्हणजे जीवा, सरकवत न्यायचा आणि नेमक्या जागी स्वर 'उघडला' की थांबायचे. हीच जवारी. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना दाखवून दिले की, तार ज्या बिंदूवर छेडल्यास एखादा उपस्वर पाश्चात्त्य नियमानुसार उमटूच नये, तेथे छेडूनही तो तंबोऱ्यात ठळक ऐकू येतो. घोडीवरची खरखर हे त्याचे कारण. डायोड लाटेचा माथा छाटतो, जवारी तारेची वाट अडवते; क्रिया भिन्न, तरी दोन्हींत अडथळ्यातूनच नाद श्रीमंत होतो.

मिरजेची ही परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब सतारमेकर यांच्याकडे तिचा आरंभ सांगितला जातो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नाव सुरक्षित होते. हात सुरक्षित होतो का, हा प्रश्न उरतोच. जवारी काढण्याची विद्या बापाकडून मुलाकडे कानाकानाने जाते. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याला जवारी काढावी लागत नाही, आणि तो आज घरोघरी आहे. काम घटले की शिकणारा घटतो.

या ठिकाणी विष्णु दिगंबर पलुसकरांचे स्मरण होते. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी शिकलेल्या पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गुरुमुखातील बंदिशी स्वरलिपीत छापून काढल्या. उत्तरायुष्यात ते नाशिकला येऊन राहिले; पंचवटीत त्यांचा आश्रम होता. छापील स्वरलिपीत बंदिशीचा सांगाडा उतरतो, स्वराचा लगाव उतरत नाही, हा आक्षेप खराच आहे. परंतु ज्याला गुरूचे दार उघडे नव्हते, त्याच्या हाती निदान सांगाडा तरी आला.

किट म्हणजे नादाची स्वरलिपी होय, असे आम्हांला वाटते. सर्किटचा आराखडा उघडा असतो. घराण्याची ओळख न लागता कुणीही डाख देऊन तो जोडू शकतो. आमच्या विद्यार्थ्यांनी आराखड्याबरहुकूम सारे जोडले, आणि मग सिलिकॉनचा डायोड काढून जर्मेनियमचा लावून पाहिला, पुन्हा सिलिकॉनचा लावला. कोणता ठेवायचा, हे कागदावर लिहिलेले नव्हते. ते दोघे मान तिरकी करून ऐकत राहिले. जीवा सरकवणारा कारागीरही असेच ऐकतो.

तेव्हा शेवटचा निर्णय कानाचा, हे मान्य करूनही त्याआधीचे पुष्कळसे लिहिता येते. घोडीचा उतार किती, कोणत्या हाडाला वा लाकडाला कोणती कानस, खुल्या आणि बंद जवारीत हात कोठे थांबतो, हे मोजता येईल, चित्रित करता येईल. परदेशी पेडलांचे आराखडे नाशकातल्या पोराला बसल्या जागी मिळतात आणि मिरजेच्या घोडीचा आराखडा मराठीत धडपणे मिळत नाही, ही विसंगती आम्हां मराठीच्या अध्यापकांनाही बोचायला हवी. लिहिण्याचे काम आमचे आहे, आणि ज्यांच्याकडून ऐकून लिहायचे ते कारागीर आज मिरजेत कामावर बसलेले आहेत.