रेंजदर्शक, विद्युत मोटारीतील

बॅटरीत शिल्लक असलेल्या विजेवर मोटार आणखी किती किलोमीटर धावेल, याचा अंदाज चालकासमोरच्या पडद्यावर दाखवणारी सोय. व्यवहारात या आकड्याला ‘रेंज’ म्हणतात. शेजारी बॅटरीची टक्केवारी असते. टक्केवारी बॅटरीची आजची स्थिती सांगते. किलोमीटरचा आकडा पुढच्या प्रवासाचे भाकीत करतो. उल्हासनगर, अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर या ठाणे जिल्ह्यातील सलग शहरांत सपाट पण तुंबणारे रस्ते, उकाडा आणि जवळचे घाट एकत्र येत असल्याने या भाकिताच्या मर्यादा तेथे चांगल्या दिसतात. या नोंदीतील उदाहरणे त्याच पट्ट्यातली आहेत.

आकडा कसा निघतो. गाडीची बॅटरी व्यवस्थापन प्रणाली आत येणारा व बाहेर जाणारा विद्युतप्रवाह सतत मोजते, त्याला व्होल्टेज आणि तापमानाची जोड देते व शिल्लक ऊर्जा ठरवते. ही ऊर्जा दर किलोमीटरच्या सरासरी खर्चाने भागली की रेंज मिळते. १५ युनिट शिल्लक आणि खर्च किलोमीटरला ०.१३ युनिट असेल, तर पडद्यावर सुमारे ११५ किमी दिसतील. खर्च ०.१८ युनिटवर गेला की तीच १५ युनिटे ८३ किमी दाखवतात. सरासरी किती मागच्या अंतराची धरायची, हे प्रत्येक उत्पादक आपापले ठरवतो. थोड्या अंतराची धरली तर आकडा चंचल होतो. जास्त अंतराची धरली तर रस्ता बदलल्याची दखल उशिरा घेतली जाते.

भारतीय मोटारींत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीत एक जादा अडचण आहे. तिचे व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ स्थिर राहते, त्यामुळे व्होल्टेजवरून टक्केवारी नीट कळत नाही. प्रवाह मोजून हिशेब ठेवावा लागतो आणि बारीक चुका साचत जातात. बॅटरी अधूनमधून १०० टक्के भरली म्हणजे हा हिशेब दुरुस्त होतो. ज्याला इमारतीत चार्जिंगची जागा नाही आणि जो सार्वजनिक जलद चार्जरवर ८० टक्क्यांना गाडी काढून घेतो, त्याच्या गाडीला ही दुरुस्ती क्वचितच मिळते. निर्वासितांच्या छावणीतून वाढलेल्या उल्हासनगरसारख्या दाट वस्तीच्या शहरात हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

प्रमाणित अंतर. जाहिरातीत छापले जाणारे अंतर रेंजदर्शकाच्या आकड्याहून वेगळे असते. ते पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या (एआरएआय, स्थापना १९६६) संस्थांतील चाचणीतून येते. गाडी रोलरवर ठरावीक वेगक्रमाने चालवली जाते. हा क्रम ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ म्हणून ओळखला जातो. त्याचे लघुरूप एमआयडीसी असले तरी अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींशी त्याचा संबंध नाही. त्याचा पहिला भाग शहरी चालनाचा, दुसरा अधिक वेगाचा असून कमाल वेग ताशी ९० किमी आहे. चाचणीत घाट नसतो, एसी चालू नसतो.

टाटा नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये ३०.२ युनिटांच्या बॅटरीसह व ३१२ किमी प्रमाणित अंतरासह बाजारात आली. म्हणजे किलोमीटरला ०.१ युनिटाहूनही कमी खर्च धरला होता. ०.१३ युनिट धरल्यास तीच बॅटरी सुमारे २३० किमी पुरते. पुढे २०२४ मध्ये त्याच कंपनीने ‘सी७५’ हा दुसरा आकडा देण्यास सुरुवात केली: चारांपैकी तीन ग्राहकांना प्रत्यक्ष मिळू शकेल असे अंतर. कर्व्ह ईव्हीच्या ५५ युनिटांच्या गाडीसाठी ५८५ किमी प्रमाणित अंतरासोबत सी७५ अंतर ४०० ते ४२५ किमी सांगण्यात आले. प्रमाणित अंतर ठरवण्यासाठी युरोपात डब्ल्यूएलटीपी, अमेरिकेत ईपीए ही चाचणी आहे.

वाद. मार्च २०२१ मध्ये दिल्ली सरकारने अंतराबाबतच्या तक्रारीवरून नेक्सॉन ईव्हीचे अनुदान थांबवले; कंपनी उच्च न्यायालयात गेली व आदेशाला स्थगिती मिळाली. प्रमाणित अंतर आणि चालकाला मिळणारे अंतर यांतील फरकाची जबाबदारी कोणाची, याबाबत मतभेद आहेत.

कोंडी व उष्मा. कल्याण–बदलापूर रस्त्यावर गाडी ताशी १५ किमीने सरकत असेल आणि एसी तासाला एक युनिट घेत असेल, तर एकट्या एसीचा भार किलोमीटरला ०.०६७ युनिट पडतो, ०.१३ युनिटांच्या निम्म्याहून थोडा जास्त. ब्रेक लावताना मोटर काही ऊर्जा परत बॅटरीत भरते, पण एसीचा खर्च तासावर चालतो, त्यामुळे कोंडी जितकी लांबते तितका आकडा उतरतो. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर रेल्वेमार्गाने सुमारे ६८ किमी. तेवढीच जाऊन-येऊन मजल जुन्या नेक्सॉनच्याही आवाक्यात आहे. धास्ती वाटते ती पडद्यावरचा आकडा धावलेल्या अंतरापेक्षा भराभर घटतो म्हणून.

घाट. बदलापूरहून कर्जत–खोपोलीमार्गे लोणावळ्याला जाताना बोरघाटात सुमारे ५५० मीटर चढावे लागते. प्रवाशांसह १,६०० किलो वजनाच्या गाडीला केवळ ही उंची गाठण्यासाठी सुमारे २.४ युनिट लागतात; सपाटीवर त्यात १८ किमी झाले असते. शिवाय चढावरचा खर्च सरासरीत मिसळतो आणि घाटमाथ्यावर रेंज वाजवीपेक्षा कमी दिसते. उतरताना उलट होते: मोटर वीज बनवते, आकडा वाढतो आणि सपाटीवर तो टिकत नाही. लोणावळ्यात बॅटरी १०० टक्के भरून लगेच घाट उतरल्यास परत येणारी वीज साठवायला जागाच उरत नाही. माळशेज व कसारा घाटांनाही हेच लागू पडते.

दुचाकी. स्कूटरवर निवडलेल्या मोडनुसार आकडा बदलतो.

सुधारणा. निसान लीफमध्ये (२०१०) बॅटरीची झीज दाखवणाऱ्या बारा पट्ट्या वेगळ्या दिल्या होत्या. काही गाड्या कमाल व किमान अशी दोन अंतरे देतात. काही नकाशातील चढउतार हिशेबात घेऊन पोहोचल्यावर किती टक्के उरतील ते सांगतात. एकाच आकड्यापेक्षा या दोन्ही पद्धती अधिक प्रामाणिक आहेत, कारण अंदाजातली अनिश्चितता त्या चालकापासून लपवत नाहीत. ही सोय नसलेल्या गाडीत टक्केवारी आणि किलोमीटरमागचा खर्च हे दोन आकडे पाहावेत, पुढचा रस्ता घाटाचा की कोंडीचा हे त्यात धरावे, आणि पडद्यावरच्या किलोमीटरवर प्रवासाचा शेवटचा टप्पा सोपवू नये.