अक्षरावरील रेघेचा इतिहास

माणसाच्या नावातील लहानशी रेघही त्या नावाचाच भाग असते. जुझे हे नाव पोर्तुगीज लोक रोमन लिपीत लिहितात, तेव्हा शेवटच्या ‘ई’ अक्षरावर एक तिरकी रेघ देतात. आरंभीच्या संगणकांना मात्र ही रेघ ठाऊक नव्हती.

संगणक अक्षरे जाणत नाही. तो आकडे जाणतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर म्हणावे, याचे कोष्टक माणसांनीच आपापसांत ठरवलेले असते. १९६३ साली अमेरिकेत ‘आस्की’ हे कोष्टक प्रमाण ठरले. त्यात अवघ्या १२८ जागा होत्या. इंग्रजीला त्या पुरल्या. युरोपातील इतर भाषांना पुरेनात. तेव्हा फ्रेंचांनी आपला रेघेचा ‘ई’ पुढे महिरपी कंसाच्या जागी बसवला, तर स्वीडिश लोकांनी त्याच जागी दोन टिंबांचा ‘ए’ ठेवला. आकडा एकच, परंतु देशागणिक अक्षर निराळे!

कालांतराने टर्मिनल, म्हणजे दूरच्या संगणकाला जोडलेला पडदा व कळफलक, आठ बिटांचे झाले आणि कोष्टकात २५६ जागा आल्या. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या १९८३ च्या व्हीटी-२२० टर्मिनलात युरोपीय अक्षरांची सोय होती. १९८७ साली ‘लॅटिन-१’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आले व त्यात रेघेच्या ‘ई’ला २३३ हा आकडा मिळाला. आयबीएमच्या १९८१ च्या संगणकात मात्र त्याचा आकडा १३० होता. २३३ वर ग्रीक ‘थीटा’ बसलेला होता. आठवा बिट गाळणाऱ्या जुन्या मार्गाने हे अक्षर गेले, तर २३३ मधून १२८ वजा होऊन १०५ उरत आणि ‘ई’चा ‘आय’ होई. जुझेचे नाव बदलून जाई, आणि यंत्र त्याची वाच्यताही करीत नसे.

सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी ‘यूटीएफ-८’ ही पद्धत रचली. जगातील लिप्यांना एकत्र आणणारे ‘युनिकोड’ कोष्टक तिच्यामुळे जुन्या यंत्रणांतही वापरता येऊ लागले. आस्कीचे १२८ आकडे तिने जसेच्या तसे राखले. इतर अक्षरांना एकाहून अधिक बाइट दिले. रेघेच्या ‘ई’ला दोन बाइट लागतात, तर आपल्या देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन.

तरीही टर्मिनल ‘लॅटिन-१’च धरून बसले, तर त्या एका ‘ई’च्या जागी दोन भलतीच चिन्हे उमटतात. म्हणून फाइल, प्रोग्राम व टर्मिनल या तिघांनी एकच कोष्टक मानावे लागते. लिहिणारा आणि वाचणारा यांचे एकमत असेल, तरच जुझे हा जुझेच राहतो.