कपुट : पत्त्यांच्या डावातून रणांगणावर

संगणक ऐन कामाच्या वेळी बंद पडला, ठरलेला बेत फिसकटला किंवा एखादी कंपनी बुडाली, की इंग्रजी बोलणारा सहज म्हणतो, ‘इट्स कपुट’. आपण जिथे ‘खलास’ म्हणतो किंवा ‘बोऱ्या वाजला’ असा शेरा मारतो, नेमकी तीच ही जागा. शब्द अनौपचारिक आहे; सरकारी अहवालात तो सहसा आढळणार नाही. इंग्रजीने तो ‘कापुट’ या जर्मन शब्दावरून घेतला, पण त्याचे मूळ जर्मनही नाही.

लॅटिनमध्ये ‘कापुट’ म्हणजे डोके. त्यामुळे शिरच्छेदावरून हा शब्द आला असावा, असा तर्क सहज सुचतो. तर्क आकर्षक असला तरी चुकीचा आहे. खरा उगम सापडतो तो पत्त्यांच्या डावात.

‘पिके’ हा दोघांनी खेळायचा जुना फ्रेंच डाव. त्यात सत्तीपासून एक्क्यापर्यंतचे 32 पत्ते घेतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला 12 येतात. सगळे 12 हात एकानेच जिंकले, तर त्याला 40 जादा गुण मिळतात आणि एकही हात न मिळालेला प्रतिस्पर्धी ‘कापो’ होतो. मेंढीकोटात एकही हात न मिळता हरलेल्यांना त्याची अवस्था निराळी समजावून सांगायला नको! या ‘कापो’चे मूळ काय, यावर मात्र अभ्यासकांचे एकमत नाही. फ्रेंच खलाशांच्या भाषेत जहाज उलटण्यालाही जवळपास हेच शब्द वापरतात, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

जर्मन भूमीवर 1618 ते 1648 या काळात तीस वर्षांचे युद्ध चालले. स्वीडन, फ्रान्स, स्पेन अशा अनेक राजसत्तांच्या फौजा तिथे उतरल्या. गावे ओस पडली आणि लोकसंख्येचा मोठा हिस्सा तलवारीपेक्षाही भूक व रोगराईने संपला. त्याच काळात फ्रेंचांचा हा खेळातला शब्द जर्मनांच्या तोंडी रुळला. फ्रेंच लोक त्यातला शेवटचा ‘ट’ लिहितात, पण उच्चारत नाहीत; जर्मनांनी तो ठणठणीत उच्चारला. ‘कापुट करणे’ म्हणजे डावात कोरडे हरवणे, हा अर्थ मागे पडला आणि नासधूस करणे, ठार मारणे हा अर्थ पुढे आला.

गंमत अशी, की पिकेतला ‘कापो’ इंग्रजांनाही सतराव्या शतकापासून ठाऊक होता. पण तिकडे तो पत्त्यांच्या टेबलावरच राहिला. जर्मन वळणाचा ‘कपुट’ इंग्रजीत आढळतो तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. कोशकार त्यासाठी 1895 हे वर्ष देतात. सर्वतोमुखी झाला तो 1914च्या महायुद्धात. म्हणजे इथेही युद्धच वाहक ठरले.

दुसऱ्या महायुद्धात ‘हिटलर कापुट’ हे शब्द, शरण येणाऱ्या जर्मन सैनिकांमुळे, रशियनांच्या पक्के लक्षात राहिले. इटालियन लेखक-पत्रकार कुर्झिओ मालापार्ते याने पूर्व आघाडीवरील अनुभवांवरच्या आपल्या 1944मधील कादंबरीला ‘कापुट’ हेच नाव दिले. पुस्तकाच्या आरंभी त्याने एका जर्मन कोशातील नोंद उद्धृत केली आहे. तीत फ्रेंच ‘कापो’बरोबरच बळी या अर्थाच्या एका हिब्रू शब्दाचाही पर्याय दिलेला आहे. आजचे कोशकार फ्रेंच मूळच मानतात. तरीही उद्ध्वस्त युरोपचे वर्णन करणाऱ्या पुस्तकाच्या दारावर ‘बळी’ हा अर्थ लेखकाला का ठेवावासा वाटला असेल, हे समजण्याजोगे आहे.

आता हे ओझे उतरले आहे. जर्मन माणूस दिवसभराच्या श्रमांनंतर ‘मी कापुट आहे’ म्हणतो, तेव्हा तो फक्त दमलेला असतो. वापराचा एक भेद मात्र इंग्रजी शिकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. जर्मनमध्ये ‘कापुट सायकल’ असे नामाआधी विशेषण चालते. इंग्रजीत सायकल आधी येते आणि मग ती ‘कपुट’ होते.