गळकं माळवद आणि घरमालकाची सबब

मृगाचा पाऊस तोंडावर आला की जालन्याच्या जुन्या वस्तीत, कुंडलिकेच्या या काठाला आणि पलीकडे कादराबादेत, माळवदांची काळजी सुरू होते. तुळया, त्यांवर लाकडी फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर, असं हे छप्पर. उन्हाळ्यात त्याच्यासारखा गारवा नाही. पण पावसाआधी वर माती घालून ते नीट बसवलं नाही, तर पहिल्याच झडीला घरभर पातेली मांडावी लागतात. भाड्याच्या घरात मग दर वर्षी तोच वाद: माती कुणी घालायची? मालक म्हणतो, "एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती परवडत नाही. पटत असेल तर राहा." ही सबब आली कुठून आणि आज तिच्यात किती दम उरलाय, ते आज आम्ही सांगणार आहोत.

गोष्ट जरा लांबून सुरू होते. पहिल्या महायुद्धात स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात कारखान्यांच्या कामासाठी माणसं लोटली आणि घरमालकांनी भाडी वाढवली. तेव्हा १९१५ साली मेरी बार्बर आणि तिच्यासारख्या गृहिणींनी वाढीव भाडं द्यायचंच नाही, असं ठरवलं. घर खाली करायला सरकारी माणसं आली की पहाऱ्यावरची बाई घंटा वाजवायची. मग साऱ्या जणी हातातलं काम टाकून धावायच्या आणि त्या माणसांवर पीठ फेकायच्या. (आपल्याकडे मृणाल गोऱ्यांसोबत महागाईविरुद्ध निघालेल्या बायकांच्या हातात लाटणी होती, ग्लासगोत पीठ होतं. स्वयंपाकघर दोन्हीकडे कामी आलं.) त्याच वर्षी ब्रिटिश सरकारला भाडेवाढ रोखणारा कायदा करावा लागला. युद्धात मुंबईतही भाडी भडकली होती. तिथे १९१८ साली असा कायदा आला.

पुढे १९४७ चा मुंबईचा कायदा झाला आणि बहुतेक जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या आकड्यावर बांधली गेली. भाडेकरूचं घर वाचलं, पण मालकाने दुरुस्तीतून हात काढून घेतला. ती सबब इथली. मुंबईत जुन्या इमारती इतक्या खचल्या की १९६९ साली कायदा करून दुरुस्तीसाठी वेगळं मंडळ आणि उपकर आणावा लागला. आपल्या वाट्याला असं मंडळ आलं नाही.

जालना तेव्हा मुंबई राज्यात नव्हतंच, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं आणि १९५४ साली हैदराबाद राज्याने स्वतःचा घरभाडे नियंत्रण कायदा केला. तंटा भाडे नियंत्रकापुढे जायचा. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात गेलो, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १ मे १९८१ ला जालना वेगळा जिल्हा झाला. राज्य बदललं, जिल्हा बदलला, पण घरभाड्याचा कायदा हैदराबादचाच राहिला. "जालना सोने का पालना" म्हणणाऱ्या गावात पाळण्यावरचं छप्पर कुणी शाकारायचं, हे चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्या जुन्या कायद्याने ठरत होतं.

१९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या गोठवलेल्या भाड्यांबद्दल म्हटलं, की काळाच्या ओघात ही तरतूद अवाजवी झाली आहे. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला. ३१ मार्च २००० पासून तो लागू झाला आणि हैदराबादचा कायदा रद्द झाला. या कायद्याने मालकाला दर वर्षी चार टक्के भाडेवाढीचा हक्क दिला. म्हणजे "भाडं वाढतच नाही" ही सबब तिथेच संपली, असं आमचं स्पष्ट मत आहे.

भाडेकरूला काय मिळालं? कलम १४ म्हणतं, करारात वेगळं लिहिलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. त्याने ते केलं नाही, तर त्याला लेखी नोटीस द्यायची. पोस्टाने पाठवली तर पोच जपून ठेवा. पंधरा दिवसांत काम झालं नाही, तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. मर्यादा एकच, वर्षाच्या भाड्याचा एक चतुर्थांश. महिना दोन हजार भाडं असेल तर वर्षाचे चोवीस हजार, म्हणजे सहा हजारांपर्यंत. एकाच वाड्यात तीन बिऱ्हाडं असतील तर तिघींनी मिळून नोटीस द्यावी. खर्च ज्याच्या-त्याच्या भाड्याच्या प्रमाणात वाटला जातो. आणि भाडेकरूने ठेवलेला हिशेब व पावत्या हाच खर्चाचा पक्का पुरावा धरला जातो, तो मालकाला मान्य करावा लागतो. तेव्हा मिस्त्रीकडून, मातीच्या गाडीवाल्याकडून कागद घ्याच.

नळ किंवा वीज तोडली तर कलम २९ आहे. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडासाची सफाई या अत्यावश्यक सोयी मालकाला सबळ कारणाशिवाय बंद करता येत नाहीत. दिवाणी न्यायालय त्या पुन्हा सुरू करायला लावू शकतं, आणि तो गुन्हाही आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. मात्र नळालाच आठ-दहा दिवस पाणी येत नसेल, तर ते भांडण महानगरपालिकेशी, मालकाशी नाही.

रागाच्या भरात सगळं भाडं थांबवू नका. भाडं देत राहणाऱ्याला भाड्याच्या कारणावरून घराबाहेर काढता येत नाही. थकवणाऱ्याला मात्र नव्वद दिवसांची नोटीस देऊन मालक दावा लावू शकतो. पावती मागा, ती देणं मालकावर बंधनकारक आहे. पावती नवऱ्याच्या नावावर असली आणि तो गेला, तरी त्याच्यासोबत त्या घरात राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेकरूचा हक्क येतो. हे विधवा बाईला कुणी आपणहून सांगत नाही.

एक अडचण खरी आहे. औद्योगिक वसाहतीजवळच्या खोल्यांचा अकरा महिन्यांचा करार पुष्कळदा "लिव्ह अँड लायसन्स" असतो. कायद्याच्या नजरेत तुम्ही तिथे भाडेकरू नसता, परवानगीने राहणारे असता, आणि कलम १४ चा आधार मिळत नाही. म्हणून गळती, नळ, संडास यांची जबाबदारी कुणाची, ते सही करण्याआधी करारातच लिहून घ्या. हा कायदा प्रत्येक खेड्याला लागू नाही, तेही विचारून घ्या.

विचारायचं कुठे? जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला तिथे मोफत वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. फोन करायचा तर १५१००. जाताना करार, भाड्याच्या पावत्या, नोटिशीची नक्कल आणि गळक्या छताचे तारखेसह फोटो सोबत न्या.